मराठी वाक्य मागून वाचून बघ

अगं,
मेसेज वाचला तुझा. इंग्रजी ग्रामरचं अजून एक जाडजूड पुस्तक घेऊ का विचारतेस, तर नको घेऊस, आधीचीच दोन पडलीत ना कपाटात. तू पाठवलेलं वाक्य बघ, 'आय यस्टरडे बँक इन फॉर्म सबमिटेड'. शब्द सगळे ओळखीचे, पण बसलेत मराठीच्या जागांवर.

आपल्याकडे जागेचं एवढं काही नसतं, कारण ने, ला, त, वर हे प्रत्यय सगळं सांभाळून घेतात. 'मांजराने उंदराला खाल्लं' म्हण नाहीतर 'उंदराला मांजराने खाल्लं' म्हण, मेला तो उंदीरच. इंग्रजीत नामाला असं ने-ला काही चिकटत नाही, त्यामुळे 'द कॅट एट द रॅट' मधले कॅट आणि रॅट नुसते अदलाबदल केलेस की उंदराने मांजर खाल्लं! क्रियापदाच्या आधी बसला तो खाणारा, नंतर बसला तो गेला.

आता तुझंच वाक्य घे, मी काल बँकेत फॉर्म भरला. 'मी' आहे तिथेच ठेव आणि बाकीचं मागून वाचत ये, भरला, फॉर्म, बँकेत, काल. झालं की, 'आय सबमिटेड द फॉर्म ॲट द बँक यस्टरडे'. बँकेतला मागचा 'त' तेवढा 'ॲट' होऊन पुढे आला. साध्या वाक्यांना चालतं हे, लांबलचक वाक्यांना नाही, पण तू सध्या साधीच लिही.

'मला'ने सुरू होणाऱ्या वाक्यांना मात्र जप. मी नोकरीला नवीन असताना रजेच्या अर्जात 'टू मी फीवर इज' लिहिलं होतं आणि साहेबांनी लाल पेनने गोल करून तो अर्ज परत पाठवला, रजा मिळाली पण आठवडाभर सगळे मला 'फीवर कसा आहे' विचारत होते. मला ताप आहे म्हणजे 'आय हॅव अ फीवर', मला भूक लागलीय म्हणजे 'आय ॲम हंग्री', तिथे 'मला'चा सरळ 'मी' होतो. आणि करणारा कोणीच नसेल तरी इंग्रजीत क्रियापदाआधीची ती खुर्ची रिकामी ठेवत नाहीत, नुसतं 'इज रेनिंग' नाही, 'इट इज रेनिंग'. तो 'इट' कोण ते विचारू नकोस, कोणी नाही, जागा धरायला बसवलेला आहे.

'डू' आणि 'डिड'चं नंतर बघू. आज रात्री दिवसभरात काय काय केलंस त्याची पाच वाक्यं आधी मराठीत लिही, मग मागून वाच आणि मला पाठव. चुकली तरी तशीच पाठव, गूगलला विचारून नको.

तुझी ताई