कार्यालयासाठी ५००० वॅटची साउंड सिस्टीम कर्जाने घ्यावी का?

प्रश्न : माझं ५०० पाहुण्यांचं मंगल कार्यालय आहे, छत पत्र्याचं. वर्षाला साधारण ४० तारखा जातात. मागच्या रांगांना मंगलाष्टकं कळत नाहीत. ५००० वॅटच्या सिस्टीमचं कोटेशन ९ लाखांचं आहे, १००० वॅटच्या सिस्टीमचं ३ लाखांचं. बँक १२ टक्क्यांनी कर्ज देते. तारखेमागे साउंडचे ५,००० रुपये वेगळे मिळतील. मोठी घेऊ का?

उत्तर : मोठी घेऊ नका. ९ लाख ५ वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे २०,०२० रुपये बसतो, म्हणजे वर्षाला २,४०,००० च्या वर. साउंडची तुमची कमाई २ लाख. ऑपरेटरचा पगार आणि दुरुस्ती अजून धरलेलीच नाही. शिवाय आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत कार्यालय जवळपास रिकामं असतं, हप्ता मात्र त्या महिन्यांतही भरावा लागतो. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

आता गरज किती ते पाहू. स्पीकरपासून शेवटची रांग १६ मीटर आहे असं धरतो. तुम्ही टेप लावून मोजा. चांगला स्पीकर १ वॅटवर १ मीटर अंतरावर ९७ डेसिबल (आवाज मोजायचं एकक) देतो. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात, म्हणून १६ मीटरवर उरतात ७३. मागे सरासरी ९० हवेत आणि ढोलकीच्या थापेसाठी वर १० राखून ठेवायचे, तर लागतात १००. हे २७ डेसिबल भरून काढायला १ वॅटच्या सुमारे ५०० पट, म्हणजे ५०० वॅट पुरतात. दोन स्पीकर असतील तर प्रत्येकी २५०. अॅम्प्लिफायर ताणला जाऊन आवाज फाटू नये, म्हणून दुप्पट धरा. झाले १००० वॅट.

५००० वॅटमुळे त्यावर फक्त ७ डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला १० लागतात. लॉनवरच्या रिसेप्शनसाठी मोठी सिस्टीम हवी असं मनात असेल, तर उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर वाजवायला कायद्याने बंदी आहे, हेही हिशेबात धरा.

खरं तर तुमची तक्रार आवाज कमी असल्याची नाहीच, शब्द न कळण्याची आहे. पत्रा आणि फरशी आवाज परत फेकतात, त्यात गुरुजींचे शब्द विरघळतात. वॅट वाढवले की घुमणंही तेवढंच वाढतं. बाजूला जाड पडदे लावा, आणि हॉलच्या मध्यावर दोन छोटे स्पीकर बसवा. अंतर निम्मं झालं की तेवढ्याच आवाजाला चौथा हिस्सा वॅट पुरतात.

३ लाख ३ वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ९,९६० रुपये, वर्षाला १,१९,५०० च्या आसपास. ऑपरेटर आणि दुरुस्तीसाठी ८० हजार हातात राहतात. कोटेशनमध्ये १८ टक्के जीएसटी धरलाय का, तेवढं विचारून घ्या.

सही करण्याआधी हीच १००० वॅटची सिस्टीम एका लग्नापुरती भाड्याने आणा. हॉल भरलेला असताना, मंगलाष्टकं सुरू झाली की स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहा.