गाडी नाही, तर मुंबईहून रानात चालायला कुठे जाता येईल?

तुम्ही विचारलंय की मुंबईत राहतो, गाडी नाही, सुट्टीच्या दिवशी लोकल-एसटीने जाऊन गावाकडच्या वाटांवर चालून रात्रीपर्यंत घरी येता येईल अशा जागा सांगा, आणि शेवटी लिहिलंय, "की त्यासाठी एक सेकंडहँड गाडी घेऊनच टाकू?" जागा बाकीचे पण सांगतील, मी त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसलोय. नका घेऊ. आईबाबांना दवाखान्यात न्यायला घ्या, गावी जायला घ्या, पण चालायला जायचंय म्हणून अजिबात नका घेऊ.

कारण साधं आहे. गाडी जिथे लावता तिथेच परत यावं लागतं. आणि आपल्या इथल्या चांगल्या वाटा कुठल्या, तर घाटवाटा. कोकणातून वर घाटमाथ्यावर जाणाऱ्या, एका बाजूने चढायचं आणि दुसऱ्या बाजूला उतरायचं, माल घेऊन बाजाराला जाणारी माणसं शेकडो वर्षं तशीच चालली. गाडीवाला अर्ध्यापर्यंत जातो, फोटो काढतो आणि मागे फिरतो, कारण गाडी मागे उभी आहे. एसटी-लोकलवाल्याच्या मागे काही नसतं, तो पुढच्या गावात उतरतो आणि तिथून एसटी किंवा लोकल पकडतो.

हा वाद आमच्या घरात जुना आहे. माझे साडू ठाण्याला राहतात, माणूस मनाने फार चांगला, अडीनडीला सगळ्यात आधी हजर, पण एसटीने फिरणं म्हणजे हाल हे त्यांचं पक्कं. दर गणपतीत सासुरवाडीला जमलो की विषय निघणारच, "आठवडाभर लोकलचे धक्के खाता ते पुरत नाहीत का, रविवारी पण तेच?" मग एका डिसेंबरात दोन्ही घरांनी मिळून लोणावळ्याजवळचा राजमाची किल्ला करायचा ठरला. ते म्हणाले गाडीने चला, जागा आहे. मी म्हटलं तुम्ही या गाडीने, आम्ही ट्रेनने येतो, दुपारी किल्ल्याखालच्या उधेवाडीत जेवायला भेटू. बायको धुसफुसली, बहिणीच्या गाडीत जागा असताना हे कशाला, पण आली.

आम्ही भांडुपचे, ठाण्याला जाऊन पहाटेची इंद्रायणी पकडली, जनरलचा डबा, कल्याणपर्यंत उभे आणि मग बसायला मिळालं. कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिन लावतात तेवढ्यात खाली उतरून वडापाव घेतले. बोरघाटाचा चढ ३७ ला १ आहे म्हणून ते मागचं इंजिन लागतं, १८६३ पासून गाड्या हा घाट चढतायत. लोणावळ्याला उतरून तुंगार्लीवरून चालायला लागलो. तिथून उधेवाडी पंधरा-सोळा किलोमीटर, फार चढ नाही, बराचसा कच्चा रस्ता आणि दोन्हीकडे रान. थोड्या वेळाने साडूंची गाडी मागून आली, हात केला, पुढे गेली. आणि तासाभराने तीच गाडी कडेला उभी दिसली, दगड खालून घासायला लागले म्हणून लावून ठेवली होती. त्या रस्त्याला साध्या गाडीचं तसंच होतं. पुढचं सगळे एकत्र चाललो आणि खरं सांगतो, छान चाललो, मेव्हणी तर सगळ्यांच्या पुढे.

उधेवाडीत एका घरी आधी फोन करून जेवण सांगितलं होतं. तांदळाच्या गरम भाकऱ्या, पिठलं, ठेचा. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले आणि उतराई एका दिवसात नीट होत नाही, म्हणून खिंडीतल्या भैरवनाथाच्या देवळापर्यंतच गेलो. तिथून समोरच्या डोंगरात बोगद्यातून निघून दुसऱ्या बोगद्यात शिरणारी रेल्वे दिसते, सकाळी आपण त्याच मार्गाने वर आलेलो असतो.

आता खरा मुद्दा. जेवून झाल्यावर साडूंना आल्या वाटेने गाडीपर्यंत मागे जायचं होतं, आणि आम्ही पलीकडून कोंढाण्याच्या लेण्यांवरून कर्जतकडे उतरणार होतो. त्यांचा मुलगा, तेव्हा आठवीत, म्हणाला काका मी तुमच्याबरोबर खाली येतो. साडूंनी मला बाजूला घेऊन दोनदा विचारलं, नीट नेशील ना, मी म्हटलं नेतो.

उतार सरळ झाडीतून आहे, मुरूम घसरतो, गुडघ्यांवर येतं, पण वाट स्पष्ट आहे. खाली लेण्यांशी आलो आणि पोरगं थबकलंच. कातळात कोरलेला केवढा मोठा चैत्य, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, वर कमानीला लाकडी बांधकामासारखे वासे आणि जाळ्या, सगळं दगडात. आतले खांब बरेचसे तुटलेत. दर्शनी भागाच्या एका बाजूला मोठ्या आकाराचं एका मूर्तीचं भग्न डोकं आहे आणि त्याच्याजवळ ब्राह्मीत एक ओळ, की कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. दोन हजार वर्षांपूर्वीचा कारागीर गुरूचं नाव लावून सही करून गेलाय. मी हे पोराला सांगितलं तर तो त्या अक्षरांपुढे वाकून एकेक अक्षर हवेत बोटाने गिरवत बसला, हाक मारली तरी उठेना. लोणावळ्यातून राजमाचीला येऊन तसेच मागे फिरणाऱ्यांना हे लेणं कधी दिसतच नाही. माझा राग आहे तो ह्यावर, साडूंवर नाही.

तिथून खाली कोंदिवडे, रिक्षाने कर्जत स्टेशन. लोकल कर्जतहूनच सुटते त्यामुळे तिघांनाही बसायला जागा, पोराला खिडकी, नेरळ यायच्या आधी तो झोपला. घरी पोचून आंघोळी करून कुकर लावला तेव्हा साडूंचा फोन, अजून एक्सप्रेसवेवर, खालापूरच्या अलीकडे, गाड्या हलत नाहीयेत. रात्री उशिरा मुलाला न्यायला आले, चेहरा उतरलेला. चहा पिताना म्हणाले, आज रविवार होता म्हणून. मी म्हटलं, भावोजी, चालायला लोक रविवारीच जातात. अजूनही ते मान्य करत नाहीत. पोरगा आता कॉलेजात आहे आणि मित्रांना घेऊन एसटीने फिरतो, त्यावर ते काही बोलत नाहीत.

तर तुमच्यासाठी. फार दमायचं नसेल तर माथेरान, पण गेलो-आलो असं नाही. नेरळहून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका, तिथे गाडीवाल्यांना पण गाड्या ठेवून चालायलाच लागतं, आत मोटारी चालतच नाहीत. रुळांच्या कडेने बाजारपेठेत जा, खा, आणि सनसेट पॉइंटवरून खाली धोदाणीला उतरा. धोदाणीहून पनवेलची एसटी आहे, पनवेलहून हार्बर. सेंट्रलने गेलात आणि हार्बरने आलात, गाडीने हे करून दाखवा कोणीतरी.

किल्ला हवा असेल तर कर्जत स्टँडवरून जामरुखची एसटी, आंबिवलीला उतरून कोथळीगड उर्फ पेठ. वरच्या सुळक्याच्या पोटातून कोरलेला जिना आहे, तेवढ्यासाठी तरी जा. वेस्टर्नवाले असाल तर डहाणू लोकलने सफाळे आणि तांदुळवाडी, वरून वैतरणेची खाडी दिसते. आई सोबत असेल तर पनवेलहून पेणकडे जाणारी एसटी पकडून कर्नाळा अभयारण्य, गेट हायवेलाच आहे, किल्ला नाही चढलात तरी जंगलातलं चालणं होतं. आणि इतिहासाची आवड असेल तर नाणेघाट. कल्याण स्टँडवरून माळशेजमार्गे जुन्नरची एसटी घ्या, वैशाखरे गेलं की कंडक्टरला सांगून पायथ्याला उतरा, वर सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख असलेली गुहा आणि तो दगडी रांजण. दिवस मोठा होतो, पण होतो.

खर्चाचं म्हणाल तर कर्जत ते मुंबई सेकंड क्लास पन्नास रुपयांच्या आत आहे. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या वरच्यांना फुकट. गाडीचा टोल, पेट्रोल आणि पार्किंग तुम्हीच मांडा.

आता राहिलेलं. हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी लिहिलंय. पावसात कोंढाण्याची वाट निसरडी होते आणि ओढे भरतात, धबधब्यांवर बऱ्याचदा बंदीचे आदेश असतात, ते आपल्याच जिवासाठी आहेत, हुशारी करू नका. एप्रिल-मेमध्ये लोणावळा ते उधेवाडी उन्हात चालू नका, सावली तुटक आहे. पहिल्यांदाच जात असाल तर राजमाचीची उतराई एकट्याने करू नका, गावातून कोणीतरी सोबत घ्या आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. रविवारी निघायच्या आधी मेगाब्लॉक बघा, सकाळी उशिरा निघाल तर हमखास अडकाल. धोदाणी आणि जामरुख दोन्हीकडे एसटीच्या फेऱ्या मोजक्याच, त्यामुळे जाताना उतरतानाच कंडक्टरला शेवटच्या गाडीची वेळ विचारा, नेटवर लिहिलेल्या वेळेवर जाऊ नका, आणि अर्धा तास आधी थांब्यावर येऊन बसा.