सोलापुरातल्या वडिलांच्या पहिल्या स्मार्टफोनमध्ये कोणती ॲप टाकून द्यावीत?

वडील साठीच्या पुढचे, राहायला विजापूर रोडला, स्मार्टफोन पहिल्यांदाच हातात आणि रोजच्या कामाची ॲप हवीत, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते पाच-सहा पुरेत. पण आधी कीबोर्ड लावून द्या. टाइप जमत नाही म्हणूनच बऱ्याच ज्येष्ठांचा फोन व्हॉट्सॲपपुरता उरतो.

जीबोर्ड म्हणजे गूगलचा कीबोर्ड, त्याच्या सेटिंगमध्ये 'लँग्वेजेस'मध्ये मराठी जोडा. मराठीचे एकाहून जास्त प्रकार दिसतील, त्यातला देवनागरीचा घ्या. मग माइक दाबून बोललं की मराठीत उमटतं. घरात तेलुगू किंवा कन्नड चालत असेल तर तीही जोडा. स्पेसबार दाबून धरला की भाषा बदलते.

डिजिलॉकरला, म्हणजे कागदपत्रं फोनमध्ये ठेवायच्या सरकारी ॲपला, मात्र निवांत वेळ काढून बसा. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू असायला हवा, ओटीपी त्यावरच येतो. लायसन्स आणि गाडीचं आरसी बुक 'इश्यूड डॉक्युमेंट्स'मध्ये आलं तरच ते मूळ कागदाच्या तोडीचं. लायसन्सचा फोटो काढून अपलोड केला तर तो नुसता फोटोच, चौकात पोलिसांपुढे उपयोग नाही. लायसन्स सापडत नसेल तर कारण बहुधा दोनपैकी एक: आधारवरचं नाव आणि लायसन्सवरचं नाव जुळत नाही (आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव आहे की नाही), किंवा लायसन्स जुनं पुस्तकी आहे आणि त्याची ऑनलाइन नोंदच झालेली नाही. दुसऱ्या बाबतीत आरटीओत जाऊन 'बॅकलॉग एंट्री' करून घ्यावी लागते. ॲप काढून पुन्हा टाकल्यानं काही होत नाही.

हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाणं-येणं असेल तर 'व्हेअर इज माय ट्रेन' टाका. ते मराठीत चालतं, आणि गाडीत बसल्यावर इंटरनेट नसलं तरी मोबाइल टॉवरवरून गाडी कुठं आहे ते दाखवतं. स्टेशनवर न्यायला येणाऱ्याला मात्र नेट लागतं. तिकिटासाठी रेल्वेचं रेलवन ॲप.

महावितरणच्या ॲपमध्ये बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक एकदाच टाकायचा. घर, दुकान, शेतातली मोटर अशी सगळी कनेक्शनं एकाच खात्यात बसतात.

नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यासाठी ॲप शोधू नका. पाणी आलं की तिथंच पुढच्या पाळीचा अलार्म लावायचा. दर आठवड्याचा ठरावीक अलार्म कामाचा नाही, पाळी सरकत राहते.

यूपीआयसाठी पेन्शनचं खातं जोडू नका. वेगळ्या खात्यात थोडे पैसे ठेवून तेच जोडा. भाजी-चहाला यूपीआय लाइट, म्हणजे यूपीआय ॲपमधलं छोट्या रकमांचं पाकीट, बरं: एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही आणि त्यात ५,००० पेक्षा जास्त राहत नाहीत. पिन नाही म्हटल्यावर फोनला लॉक हवंच. पैसे यायला पिन कधीच लागत नाही, हे त्यांच्याकडून वदवून घ्या.

फोन हातात देण्याआधी सेटिंगमध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' शोधा आणि व्हॉट्सॲपपुढचं बटण बंद असल्याची खात्री करा. 'लग्नपत्रिका' किंवा 'आरटीओ चलन' नावाची एपीके फाइल (म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून टाकायचं ॲप) येते, ती टाकली की ओटीपीचे मेसेज चोराकडे जातात. तरीही पैसे गेलेच, तर बँकेत धावण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन; जितका लवकर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. हा नंबर 'सायबर पोलीस' नावानं आत्ताच सेव्ह करून द्या.