दुसऱ्या देशाचे सैनिक अडकवून ठेवतात ते कशासाठी?

प्रश्न : इराणने २००७ साली १५ ब्रिटिश नौसैनिक पकडले आणि तेरा दिवसांनी सोडून दिले. युद्ध नसताना एखादा देश असं का करतो? (एक वाचक, सैनिक टाकळी, ता. शिरोळ)

उत्तर : पकडणं आणि ठेवून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पकडतो तो जागेवरचा अधिकारी, कधी नुसत्या संशयावरून. ठेवून घ्यायचं हे राजधानीत ठरतं. म्हणून हेतू शोधायचा तो दुसऱ्या निर्णयात, आणि त्यासाठी तारखा शेजारी शेजारी मांडायच्या.

जानेवारी २००७ मध्ये अमेरिकी फौजेने इराकमधल्या एर्बिलमध्ये पाच इराणी ताब्यात घेतले. फेब्रुवारीत बगदादमधून एक इराणी राजनैतिक अधिकारी पळवला गेला. २३ मार्चला इराण-इराक सीमेवरच्या शत्त अल-अरब नदीच्या मुखाशी ब्रिटिश नौसैनिक पकडले गेले. दुसऱ्याच दिवशी सुरक्षा परिषदेने इराणवरचे निर्बंध वाढवले. ३ एप्रिलला तो राजनैतिक अधिकारी सुटला आणि ४ एप्रिलला इराणचे तेव्हाचे अध्यक्ष अहमदीनेजाद यांनी नौसैनिकांच्या सुटकेची घोषणा केली. देवाणघेवाण झाली असं कुणी कबूल केलं नाही, पण हा क्रम मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

हद्दीचा वादही खोटा नव्हता. नदीतली हद्द १९७५ च्या कराराने ठरली होती; पुढे समुद्रात ती इराण आणि इराकने मिळून कधी आखलीच नाही. अशा पाण्यात सैनिक पकडला की आपला दावा जगासमोर मांडता येतो.

कधी कबुलीच हवी असते. उत्तर कोरियाने १९६८ मध्ये ‘प्युब्लो’ या अमेरिकी हेरजहाजावरचे ८२ जण अकरा महिने ठेवले. अमेरिकी जनरलने माफीनाम्यावर सही केली, पण त्यातला मजकूर खोटा असल्याचं सहीआधीच बोलून दाखवलं. उत्तर कोरियाला कागद पुरला. २००१ मध्ये चीनच्या हैनान बेटावर उतरलेल्या अमेरिकी टेहळणी विमानातले २४ जण अकरा दिवसांत सुटले, विमान मात्र जुलैमध्ये सुटे भाग करून परत गेलं. तिथे खरं मोल विमानाला होतं.

ठेवून घेणं महाग पडणार असेल तर लगेच सोडतात. जानेवारी २०१६ मध्ये इराणने दहा अमेरिकी नौसैनिक दुसऱ्याच दिवशी सोडले. मोठ्या देशांशी झालेल्या इराणच्या अणुकराराची अंमलबजावणी अगदी काही दिवसांवर आली होती.

प्रश्न : आपला जवान असा सापडला तर घरच्यांनी काय करावं? (एक माजी सैनिकपत्नी, गडहिंग्लज)

उत्तर : पहिला फोन त्याच्या युनिटला किंवा रेकॉर्ड ऑफिसला, नंबर मिळत नसेल तर कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार युद्धकैद्याला नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिक क्रमांक एवढंच सांगणं बंधनकारक आहे. २०१९ मध्ये अभिनंदन वर्धमान यांनी कॅमेऱ्यासमोर विमान आणि मोहिमेबद्दलची उत्तरं नाकारली. पण जवानाचे युनिटसोबतचे फोटो, पोस्टिंगचं ठिकाण आणि जुने स्टेटस तुमच्या मोबाइलवरून गावभर फिरले, तर त्याने जीव मुठीत धरून लपवलेलं चौकशी करणाऱ्याला आयतं मिळतं. म्हणून आधी घरातल्या सगळ्यांची सोशल मीडियावरची खाती बंद करा, मग दारात आलेल्या चॅनेलवाल्यांचं बघा.