'अधू' कुठे लिहायचं, कुठे नाही

भाऊ, बातमीत तू 'तो अधू माणूस' लिहिलंस ना, तिथे थोडं थांब. अधू म्हणजे पूर्ण गेलेलं नाही, कमी झालेलं. आणि हा शब्द बहुतेक वेळा त्या अवयवाला लागतो, अख्ख्या माणसाला नाही. पायाने अधू, एका डोळ्याने अधू, दृष्टी अधू झाली, असं. एक सोय आहे, रूप बदलत नाही, अधू पाय, अधू डोळे, अधू नजर, कुठेही तेच. कानाला मात्र शक्यतो लावू नको, तिथे आपण सरळ 'कमी ऐकू येतं' म्हणतो.

माझी आजी मोतीबिंदू झाला तेव्हा दादर ज्वारीतले खडे वेचताना सूप पार नाकाशी धरायची, बोटांनीच खडा ओळखायची, आणि विचारलं की म्हणायची "माले कमी दिखस". ती आंधळी नव्हती, तिचे डोळे अधू होते, एवढाच फरक लक्षात ठेव. बरं, जळगाव-धुळ्यात बोलताना लोक अधू फारसं म्हणतही नाहीत, तो जास्त लिहिण्यातला, त्यामुळे कोणाच्या तोंडी घालताना जपून.

सरकारी योजनेची बातमी असेल तर अधू चालणारच नाही, तिथे दिव्यांग लिही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि बऱ्याच सवलतींना किमान 40 टक्क्यांचं सर्टिफिकेट लागतं, तो आकडा डॉक्टर ठरवतात, आपण नाही. आणि लंगडा, पांगळा हे हेडिंगमध्ये तर अजिबात नको, मी एकदा घातलं होतं, त्या माणसाचा पोरगा पेपर हातात घेऊनच दारात आला.