तोळाभर गोळी आणि जावयाची रायफल

प्रश्न : माझी मुलगी डेन्व्हरला असते. लग्न तिथल्याच मुलाशी केलंय. जावईबापू दर ऑक्टोबरात मित्रांसोबत कोलोरॅडोच्या डोंगरात एल्कच्या (तिथल्या मोठ्या हरणाच्या) शिकारीला जातात आणि यंदा ‘बाबा, तुम्हीही चला’ म्हणून मागे लागलेत. माझं वय ५८. वडिलांच्या .३१५ रायफलीचा परवाना माझ्या नावावर आहे, क्लबवर वर्षातून दोन-तीनदा चांदमारी करतो. जावई म्हणतात, .३०० विंचेस्टर मॅग्नमच घ्या. त्यांचा मित्र म्हणतो, .३०८ पुरे. कोणती घेऊ? सौ.ला अजून सांगितलेलं नाही. ती माळकरी आहे.
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : सौ.चा प्रश्न या सदरात बसत नाही, तो तुमचा तुम्ही निस्तरा.

रायफलीच्या आधी कागद. व्हिजिटर व्हिसावर गेलेल्या परदेशी माणसाने अमेरिकेत बंदूक किंवा काडतूस बाळगणं हा तिथल्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. त्याला जे थोडे अपवाद आहेत, त्यातला तुमच्या कामाचा एक : तिथल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. तेव्हा आधी परवाना खिशात, मग जावयाच्या रायफलीला हात. नुसता नेम धरून बघायचा असला तरी. आणि कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स केल्याशिवाय परवाना मिळत नाही. तुम्ही त्यात आलात. विकत काही घेऊ नका, उसनी चालते.

आता मुद्द्याचं. तुम्ही विचारलेल्या दोघींत मी .३०-०६ ही तिसरी धरतो. .३०८, .३०-०६ आणि .३०० मॅग्नम या तिघींची गोळी एकाच जाडीची, ७.८२ मिलिमीटर. एल्कसाठी साधारण १८० ग्रेनची वापरतात. हा आकडा आपल्याला परका नाही. जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. इतवारीतल्या सराफाकडे आजीच्या पाटल्या ज्या वजनाने तोलल्या गेल्या, तेच वजन. फरक एवढाच की हा तोळा .३०८ मधून सेकंदाला २,६२० फुटांनी निघतो, .३०-०६ मधून २,७०० ने आणि मॅग्नममधून २,९६० च्या आसपास.

ऐकायला मोठा वाटतो ना फरक? २०० यार्डांवर गोळी बरोबर लागेल असा दुर्बिणीचा नेम बसवला (यार्ड म्हणजे आपले दोन हात), तर ३०० यार्डांवर .३०८ ची गोळी नऊ-साडेनऊ इंच खाली जाते आणि मॅग्नमची सात. एल्कच्या काळीज-फुप्फुसांची जागा जेवायच्या ताटाएवढी असते. तिथे दोन-अडीच इंचांनी काय बिघडतं? कायद्याचंही मागणं फार नाही : एल्कसाठी किमान .२४ इंचाची नळी, किमान ८५ ग्रेनची, लागल्यावर फुलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पौंडांचा मार (फूट-पौंड हे जोर मोजायचं माप). तिघी त्याच्या कितीतरी पुढे आहेत.

पण खांद्याला ते दोन इंच महाग पडतात. आठ पौंडांच्या .३०-०६ चा धक्का साधारण २० फूट-पौंड. मॅग्नमचा २६ च्या पुढे. डोंगरासाठी म्हणून हलकी रायफल घेतली की आणखी. डोळा रायफलीवरच्या दुर्बिणीच्या फार जवळ नेलात, तर भुवईवर चंद्रकोर उमटते ती वेगळीच.

आमच्या क्लबवर एक पैलवान गडी यायचा. मोठ्या बोअरशिवाय बोलायचा नाही. गोळ्या नेहमी खाली-उजवीकडे. एक दिवस मी त्याच्या नकळत मॅगझिनमध्ये एक बिनबारुदीचं काडतूस सरकवलं. दोन बार नीट झाले. तिसऱ्याला चाप ओढला, खट्ट, आणि बार नाही. पण नळीचं टोक चार बोटं खाली गेलं होतं, जबडा आवळलेला, डोळे गच्च मिटलेले. डोळे उघडून मला म्हणतो, “काहून बापा, बंदूक बिघडली काय?” धक्का यायच्या आधीच तो धक्का खात होता. वर्षातून दोन-तीनदा चांदमारी करणाऱ्या ५८ वर्षांच्या माणसाला मॅग्नम दिली, तर चार दिवसांत त्याचंही हेच होतं. तुमच्या इशापूरच्या .३१५ ची गोळी जड आणि सावकाश, तिच्यावरून मॅग्नमचा अंदाज बांधू नका.

तेव्हा त्या टोळक्यात कुणाकडे .३०-०६ असेल तर ती मागा. १९०६ पासून चालत आलेलं काडतूस आहे, अमेरिकन शिकाऱ्याच्या घरी ते नसलं तरच नवल. नसेल तर मित्राची .३०८. त्यांना राग येऊ नये म्हणून जावयांना सांगा, मॅग्नम तुम्हीच चालवा.

कॅलिबरपेक्षा, म्हणजे गोळीच्या जाडीपेक्षा, तिची बांधणी जास्त बघा. एल्क आपल्या सांबराचा थोरला भाऊ, नर सहज ३०० किलोंच्या वर. खांद्याचं हाड जाड. १९४६ मध्ये जॉन नॉस्लर नावाच्या गृहस्थांची वेगवान गोळी एका मूसच्या (एल्कहूनही मोठ्या हरणाच्या) चिखल वाळलेल्या कातडीवरच फुटत राहिली, आत गेलीच नाही. त्यांनी मग मधे पडदा असलेली गोळी बनवली : पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत शिरतो. ती १९४८ पासून विकली जाते. ती किंवा अख्ख्या तांब्याची घ्या. आणि ज्या काडतुसाने नेम बसवला, तेच पेटीभर शिकारीला न्या.

मी एकदा पुतण्याबरोबर त्या डोंगरात गेलो होतो. बंदूक त्याची, माझ्या हातात नुसती दुर्बीण. नागपूर ३१० मीटरवर, आपलं चिखलदरा गाठलं तरी ११०० च्या आसपास. तिथे आम्ही ३,००० वर होतो. बुटाची नाडी बांधायला वाकलो तर दम लागला. समोरच्या कड्यावर एल्क उभा, आणि दुर्बिणीत तो माझ्या छातीच्या ठोक्याबरोबर वर-खाली होतोय. तेव्हा कळलं की पुतण्या बसून, सॅकवर नळी टेकवून पाच मिनिटं नुसता श्वास का घेत होता. तुम्ही आत्तापासून दहा किलोची सॅक घेऊन रामटेकचा गड चढा, वर पोचल्याबरोबर खाली बसा आणि दुर्बिणीतून लांबचं एक झाड स्थिर धरून बघा.

उतारावरचा नेम फसवतो. चढावर मारा की उतारावर, गोळी अपेक्षेपेक्षा वरच लागते, कारण गुरुत्वाकर्षण आडव्या अंतरापुरतंच मोजायचं असतं. ३०० यार्ड मोजले आणि कोन ३० अंशांचा असेल, तर हिशोब २६० यार्डांचा धरा. तुम्ही स्वतः मात्र २५० च्या पुढे मारूच नका. दरीत तर नाहीच. मांस टाकून येता येत नाही, आणि एल्कची एक मागची तंगडी २५-३० किलो भरते. ती खांद्यावर घेऊन चढायचंय कुणी, जावयांनी?

बाकी अंगात आणि डोक्यावर भडक नारिंगी (किंवा भडक गुलाबी) घालणं तिथे सक्तीचं आहे. अंगावरचं किमान ५०० चौरस इंच. नागपूरकराला ते शिकवावं लागू नये.

प्रश्न : काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे. रानडुकरं ड्रिपच्या नळ्या उकरतात, शेजारचा भुईमूग साफ केला. आजोबांची बारा बोअर घरात आहे. दोन बार टाकू का?

उत्तर : नाही. पीक राखायला म्हणून मिळालेला शस्त्रपरवाना हा डुक्कर मारायचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात आधी शिकारीचे परवाने होते, १९९१ च्या दुरुस्तीत तेही गेले. आता वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी हातात असेल तरच, आणि तिच्यात लिहिलं असेल तेवढंच. तोवर नुकसानभरपाईचा अर्ज लगेच टाका, आणि पंचनामा होईपर्यंत ती जागा वखरू नका, भाऊ. खुरांचे ठसे तेवढेच तुमचे साक्षीदार आहेत.