बिल्ला नाही, स्टिकर नाही. आजोबांच्या सायकलची कंपनी ओळखायची कशी?

आजोबा सोलापुरात गिरणीत होते, त्यांची सायकल माळ्यावर सापडली, पुढचा बिल्ला गायब, अंगावर रंगाचे तीन थर, आणि गल्लीतले सगळे तिला ‘रॅले’, म्हणजे नॉटिंगहॅमच्या विलायती कंपनीची गाडी, म्हणतात. ते खरं का, असं तुमचं विचारणं आहे. चेनव्हीलमध्ये, म्हणजे पायडलजवळच्या दातेरी चक्रात, रॅलेचा बगळा दिसतो म्हणून म्हणत असतील तर त्यांचं ऐकू नका. गिरणीवाल्याची गाडी तिन्ही पाळ्यांना पळायची. दात झिजले की दुकानात असेल ते चेनव्हील बसायचं. सीट, हँडल, चाकं, सगळं बदलीचं सामान. बदलत नाही ती फक्त फ्रेम.

गेल्या महिन्यात साखर पेठेतून अशीच एक फ्रेम माझ्या दुरुस्तीच्या स्टँडवर आली. चेनव्हीलमध्ये बगळे, म्हणून मालकाच्या लेखी रॅले. त्याच्या मेव्हण्याने फ्रेम उलटी केली, बॉटम ब्रॅकेटवरचा (पायडलचा दांडा फिरतो ती आडवी नळी) तीन बंदुकांचा छाप दाखवला, म्हणाला बीएसए. दोघांचंही पटण्यासारखं, आणि दोघांचंही चूक.

ब्रॅकेटच्या डावीकडची लॉकरिंग (कप आवळणारी कडी) सोडवली, कप म्हणजे बेअरिंगची वाटी काढली, आटे मोजले. इंचाला 24 निघाले. नॉटिंगहॅमच्या साध्या रॅले रोडस्टरला इंचाला 26 असतात, आणि ब्रॅकेटची रुंदी 71 किंवा 76 मिमी भरते. इथे व्हर्नियरने 68. रॅले बाद. पिच गेज नसेल तर आट्यांवर कागद दाबून धरा, वरून पेन्सिल घासा, उमटलेल्या रेघा अर्ध्या इंचात मोजा: 13 की 12. मोजायला डावा कप पुरतो. उजव्याला हात लावू नका. तो उलट्या आट्याचा, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुटतो. लोक नेहमीसारखे डावीकडे फिरवतात, पान्याला पाइप घालून जोर लावतात, मग कपाच्या कडा गोल होतात आणि कप कायमचा बसतो. बाजारातला 24 चा कप 26 च्या ब्रॅकेटमध्ये घालूनही बघू नका. दोन फेरे सरळ जातो, तिसऱ्याला अडकतो, आणि तिथे दामटलं की आटे खलास.

आता बंदुका. बर्मिंगहॅमची बीएसए कंपनी स्वतःच्या सायकली तर करायचीच, पण लग (फ्रेमच्या नळ्या जोडणारे सांधे), ब्रॅकेट, हब असं सामान दुसऱ्यांनाही विकायची. छोटे कारागीर ते सामान घेऊन फ्रेम जोडायचे आणि पुढे स्वतःचा बिल्ला ठोकायचे. त्यामुळे तो छाप सामानाचा आहे, गाडी कुणाची हे त्यावरून कळत नाही. मेव्हण्याला हे पटवायला चहाचे तीन कप लागले.

खरा पुरावा हेड ट्यूबमध्ये, म्हणजे हँडलखालच्या पुढच्या नळीत, मिळाला. तिथला वरचा कप काढून बॅटरी मारली की बिल्ल्याच्या रिव्हेटची भोकं आतून दिसतात, बाहेरून पुट्टी भरलेली असली तरी. भोकं एकावर एक आहेत की शेजारी, त्यांच्या मध्यांमधलं अंतर किती, हे लिहून ठेवा. रॅलेचा म्हणून ठरवलेला बिल्ला त्या भोकांवर बसलाच नाही, तर विषय मिटला.

नंबर शोधा सीट लगवर, ब्रॅकेटखाली आणि मागच्या ड्रॉपआउटवर (मागच्या चाकाचा आस बसतो ती खाच). दोन इंचांच्या तुकड्यालाच पेंट रिमूव्हर लावा, एकेक थर प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा, शेवटी पितळी ब्रश. ग्राइंडरची तारेची चकती लावलीत तर नंबरच घासून जाईल. खडूची भुकटी चोळा, बॅटरी आडवी धरा. अक्षरं एका ओळीत, एकसारखी खोल असतील तर बहुधा कारखान्याची. वाकडीतिकडी असतील तर नंतर कुणीतरी हाताने ठोकलेली.

सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे इथल्या फ्रेमा आतून फारशा खात नाहीत. गंज थोडा असतो, रंगच जास्त असतो. तरी ‘शोरूमसारखी करून देतो’ म्हणणारे सँडब्लास्ट मारतात, वर जाड पावडर कोटिंग. नंबर भरून जातो, बिल्ल्याची भोकं बुजतात, आणि मग नव्या स्टिकरवर ‘रॅले’ लिहून दुप्पट भाव. याला मी दुरुस्ती म्हणत नाही.

एक सांगायचं राहिलं. 26 आटे निघाले तरी लगेच रॅले म्हणू नका. हंबर आणि रज या दुसऱ्या विलायती सायकली, हंबर 1932 मध्ये आणि रज 1943 मध्ये, रॅलेकडेच गेल्या. हंबरच्या पुढच्या चिमट्याला बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना दोन-दोन नळ्या असतात, त्यावरून ती लगेच कळते. उलट रॅलेच्याच काही हलक्या रेसिंग फ्रेमांना 24 आटे असतात, पण रॉड ब्रेकच्या, म्हणजे तारेऐवजी सळीने ब्रेक लागणाऱ्या गाडीत तो प्रश्न येत नाही. आणि आजोबांची गाडी 1950 च्या दशकातली असेल तर ती विलायतेहून आलेलीच असेल असं नाही. सेन-रॅलेचा कारखाना आसनसोलला होता, आणि मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स ही कंपनी हर्क्युलिस, फिलिप्स नावाच्या सायकली करत होती.

आटे, ब्रॅकेटची रुंदी, भोकांचं अंतर आणि नंबरचा आडव्या उजेडातला फोटो टाका. चेनव्हीलचा फोटो नको.